मागच्या चाकाची डिस्क

पेट्रोलपंपावरून येताना पिकअप मागून थरथरली, म्हणून व्हर्नाने ती स्टँडवर चढवून चाकं उतरवली. एक्सलच्या बोल्टांवरचा गंज पाहिला आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली. या बोल्टांना वर्षानुवर्षं पाना लागला नव्हता! आणि एक्सलचा दांडा ओढून चाक ज्यावर बसतं ते हब काढल्याशिवाय असल्या अवजड गाडीची मागची ब्रेकची डिस्क निघतच नाही, हे वायोमिंगातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"डुएन! चारही डिस्क नव्या घातल्यास ना रे?"

तिचा भाऊ कॉफीचा मग घेऊन रमतगमत आला. "घातल्या म्हणजे काय! गेल्याच आठवड्यात. भरवसा नाही का माझ्यावर?"

व्हर्नाने पाना उचलला. तिने बोल्ट सोडले, दांडा ओढला. काळं तेल भळाभळा डब्यात सांडलं. नट काढून जड हब पोटाशी धरून बाहेर घेतलं, त्याच्या पाठीला जखडलेली डिस्क सोडवली आणि डुएनच्या बुटांपुढे आदळली. खोल चरे, आणि काठापासून आत गेलेला बोटभर तडा.

"ही गेल्या आठवड्यातली?"

"अगं, पुढच्या बदलल्या की! मागच्यांना अख्खा दिवस मोडतो. आणि गाडी थांबवतात ती पुढचीच चाकं. उगाच आकांडतांडव करू नकोस."

"उगाच? उद्या टेस तीन घोड्यांचा ट्रेलर मागे जोडून घाट उतरणार आहे! मामा ना तू तिचा? तिच्या हातात किल्ली देऊन 'बिनधास्त जा' म्हणताना जीभ कशी झडली नाही तुझी?"

"काही होत नाही गं..."

"होत नाही? बरं." व्हर्नाने खिशातली किल्ली त्याच्या नाकासमोर धरली. "हीच डिस्क परत चढवते. घोडे भरते. तू घाट उतरून दाखव."

डुएनने किल्लीकडे पाहिलं, मग तडकलेल्या डिस्ककडे. त्याचा हात काही पुढे आला नाही.

"घे की! आता का?"

त्याने कॉफीचा मग जमिनीवर ठेवला. "नव्या दोन्ही शेडमध्येच आहेत," तो पुटपुटला. "खोक्यात."

"तुझ्या जिवाला नको, पण माझ्या पोरीला चाललं असतं," व्हर्ना म्हणाली. तिचा आवाज चिरकला. तिने पाना त्याच्या हातात दिला नाही, पायाशी फेकला, आणि तो उचलायला डुएनला तिच्यासमोर वाकावं लागलं.