चोवीस तारखेचं झाड

डिसेंबर लागला आणि संयोगितानं कॉटखालचा लांबडा खोका ओढून बाहेर काढला. खोक्यात ख्रिसमस ट्री होतं, सांगलीच्या बाजारातून आणलेलं, प्लास्टिकचं. तिनं त्यावरची धूळ झटकली न झटकली तोच सोप्यातून सासऱ्यांचा, नानासोंचा, आवाज आला.

"कशाला काढलंस त्ये?"

"लावायला, मामा."

"चोवीस तारखेला लावायचं असतंय."

झालं, दरवर्षीचं दळण सुरू. नानासो निवृत्त हवालदार, गावच्या चर्चच्या पंच कमिटीवर, आणि घरात त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. झाड चोवीस तारखेला संध्याकाळी, उपासनेला निघायच्या आधी लावायचं. त्याआधी त्याला हातसुद्धा लावायचा नाही. हा नियम त्यांच्या वडिलांनी घातलेला. त्या काळी बांधावरच्या सुरूची फांदी तोडून आणायचे, पत्र्याच्या डब्यात वाळू भरून रोवायचे आणि वर कापूस चिकटवायचे. कवठे महांकाळच्या कोरड्या हवेत तोडलेली फांदी टिकणार किती? चार दिवसांत तांबडी पडायची, म्हणून ऐनवेळी तोडायची. पुढं बांधावरची सुरूची झाडं गेली, प्लास्टिक आलं, तारीख मात्र जागची हलली नाही. हे सगळं संयोगिताला ठाऊक होतं, आणि म्हणूनच तिचं डोकं जास्त फिरायचं.

एरवी तिनं खोका मुकाट्यानं परत सरकवला असता. पण यंदा जयराजला सुट्टी मिळाली होती. पोरगा सैन्यात, पठाणकोटला. भरती झाल्यापासून त्याचा एकही नाताळ घरी झाला नव्हता. दरवर्षी तो फोनवर म्हणायचा, "आई, झाड दाखव," ती मोबाईल झाडापुढं धरायची आणि नेमकी तेव्हाच रेंज जायची. यंदाची सुट्टीही नाताळाच्या तोंडावर संपत होती. नाताळ नाही तर नाही, पण पोरानं एकदा झाडाच्या शेंड्याला स्वतःच्या हातानं चांदणी बांधावी, एवढंच तिला हवं होतं. लहानपणी ते काम त्याचं होतं. बापाच्या खांद्यावर बसून करायचा.

"आवं मामा, जयराज ईस तारखेला माघारी जाणार. चोवीसला लावून कुणाला दाखवू?"

"त्याची सुट्टी सरकार ठरवतंय. सण बी सरकारच ठरवतंय व्हय?"

"पर मामा, ह्ये झाड काय वाळत न्हाई."

"झाड न्हाई वाळत. रोज बघून बघून सण शिळा हुतोय. महिनाभर लायटी लुकलुकल्या, मग चोवीसला नवं काय ऱ्हायलं?"

तिनं नवऱ्याकडं पाहिलं. हंबीररावांची द्राक्षबाग ऐन भरात होती आणि त्यांचं सगळं चित्त औषधाच्या टाकीत. "तुमी दोघं बघा, माझी फवारणी ऱ्हायलीया," म्हणून ते सटकले. या माणसानं घरातल्या एका तरी भांडणात बाजू घेतली असती तर संयोगितानं त्याच दिवशी नाताळ साजरा केला असता.

नानासो कमिटीच्या बैठकीला गेले तशी तिनं झाड उभं केलं. गोळे टांगले, लायटीची माळ सोडली. चांदणी तेवढी जयराजसाठी फळीवर ठेवली. नानासो परत आले, त्यांनी झाड पाहिलं आणि आपली खुर्ची फिरवून झाडाकडं पाठ केली. त्या दिवसापासून ते भिंतीकडं तोंड करूनच बसायला लागले. चहासुद्धा भिंतीकडंच मागायचे.

आणि मग जयराजचा फोन आला. "आई, सुट्टी रद्द झाली गं. जानेवारीत बघू म्हणाल्यात."

ती "बरं" म्हणाली. मग मोरीत जाऊन तिनं घासलेली भांडीच पुन्हा आपटून आपटून घासली. नानासो भिंतीकडं बघत बसून होते. 'मी म्हणत नव्हतो?' असं त्यांनी म्हटलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं. त्यांनी तेवढीही सोय ठेवली नाही.

नाताळ आला आणि गेला. कॅरल म्हणायला आलेल्या पोरांनी विचारलं, "काकू, चांदणी कुठाय?" ती म्हणाली, "यायची हाय." नवं वर्ष लागलं तरी झाड उभंच. हंबीरराव म्हणाले, "आता काढ की." शेजारची अंबूबाई दारातूनच म्हणाली, "आगं, लोकांचा तिळगूळ वाटून झाला, तुझं आजून झाडच?" नानासो भिंतीला म्हणाले, "एकतीसला काढायचं असतंय."

"न्हाई काढत," संयोगिता म्हणाली. सासऱ्यांना 'मामा' न जोडता दिलेलं हे तिचं पहिलं उत्तर.

संक्रांत होऊन गेल्यावर जयराज आला. तिनं सकाळपासून लायटी लावून ठेवल्या होत्या. पोरगा वाळला होता, रापला होता, गाडीच्या प्रवासानं पार आंबला होता. चहा पिऊन झाल्यावर त्यानं इकडंतिकडं बघितलं, झाडाजवळच्या बोर्डातून माळेची पिन उपसली आणि तिथं आपला चार्जर खोचला.

"आई, ह्ये आजून काढलं न्हाईस व्हय? गाव हसत आसंल," असं म्हणून तो कॉटवर आडवा झाला.

त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं, आणि तेच तिला लागलं. फळीवरून घेतलेली चांदणी हातात धरून ती तशीच उभी राहिली. तिला पोराचा राग आला, त्याच्या साहेबांचा आला, सासऱ्यांचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला. काय म्हणून एवढा जीव टाकला या प्लास्टिकवर? झाड उतरवून टाकावं म्हणून ती खोका ओढायला कॉटपाशी वाकली.

तेवढ्यात मागं खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. नानासोंनी खुर्ची फिरवून झाडासमोर घेतली होती.

"जयराज, ऊठ."

"काय आबा?"

"त्यो चार्जर काढ. लायट लाव. आन् आईच्या हातातली चांदणी घे, वर बांध."

"आत्ता? आज काय हाय?"

"आज चोवीस तारीख हाय," नानासो म्हणाले.

जयराजनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं, मग आईकडं पाहिलं, आणि उठून चार्जर उपसला.