शाळेतला पाइन

मथुराने टेबलावरची फांदी उचलली आणि तिचा अंगठा आपोआप एका पेरावर जाऊन थांबला. लांब, हिरव्या, सुईसारख्या त्या पात्याला पेरं होती. पाइनच्या सुईला पेर नसतं. धारवाडच्या कॉलेजात पाइनच्या सुईचे काप करता करता तिची बोटं सोलून निघाली होती. एवढं तर तिला झोपेतही सांगता आलं असतं.

फांदीच्या देठाला दोऱ्याने पुठ्ठ्याचा तुकडा बांधला होता. त्यावर वळणदार अक्षरांत लिहिलं होतं, ‘पाइन. अनावृतबीजी.’

अक्षर कोणाचं, हे विचारायला नको होतं. केदारी सर शेवटच्या बाकावर नववीच्या मुलांत अंग चोरून बसले होते. धारवाडजवळच्या नवनगरच्या त्या मराठी शाळेत विज्ञान म्हणजे केदारी सर. एक्क्याऐंशी सालची ती शनिवारची सकाळची शाळा त्यांची शेवटची होती. त्यांच्या जागी कोणाला घ्यायचं, हे आजच्या नमुना पाठांवरून ते आणि हेडमास्तर मिळून ठरवणार होते. आधीचे दोन उमेदवार हीच फांदी पाइन म्हणून शिकवून गेले होते. व्हरांड्यात बसून मथुराने दोघांचंही ऐकलं होतं.

कमरीपेठेतल्या घरातून निघताना आईने, सरूबाईने, लेकीच्या निऱ्या स्वतःच्या हाताने सारख्या केल्या होत्या. “दोन शाळांनी नाही म्हटलं, म्हणून काय झालं? मान वर करून बोल,” ती म्हणाली होती. घरात कॉलेजची पायरी चढलेली मथुरा पहिलीच. आजचीही जागा गेली, तर आईजवळ बोलायला शब्द उरले नसते.

“ही कसली फांदी?” तिने विचारलं.

“पाइन!” वर्ग एका सुरात ओरडला.

“आणि उणकलच्या तळ्याकाठी अशीच झाडं आहेत, ती?”

“सुरू!”

मग मुलं एकमेकांकडे पाहू लागली. पुढच्या बाकावरच्या परसूने डोकं खाजवलं आणि कानडी वळणाने बाईंना हाक मारली.

“अक्कोरू, तळ्यावर असलं की सुरू. शाळेत आलं की पाइन.”

“आमची अव्वा कानडीत गाळीमर म्हणते,” शांताने आईचा शब्द सांगितला.

“मग तुमच्या घरी गाळीमर!”

मुलं खो खो हसली. हेडमास्तरांनी टेबलावर बोटं आपटली. केदारी सर मात्र हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला आणि फांदीकडे पाहू लागले.

इथेच विषय बदलला असता, तर कोणी काही म्हटलं नसतं. मथुराने पुठ्ठ्यावर तळवा ठेवला.

“तळ्यावर तुम्ही याचा एक खेळ खेळता. कोण दाखवतंय?”

शांता टुणकन उठली. तिने एक काडी घेतली, वर्गाकडे पाठ केली, ती एका पेरात तोडून पुन्हा जोडली आणि परसूच्या नाकापुढे धरली.

“सांग परश्या, कुठं तोडलंय?”

“इथं.”

“हुकलास!”

“मग इथं.”

“परत हुकलास, शहाण्या!”

“त्याला का सापडत नाही?” मथुराने विचारलं.

“सगळी पेरं सारखीच की, अक्कोरू. जिथनं निघतं तिथंच नीट बसतं.”

“आता पेर उघडून डोळ्यांजवळ धरा. कडेने बारीक दात दिसतात?”

काड्या हातोहात फिरल्या. एक डोळा मिटून सगळा वर्ग पेरांत बघू लागला.

“दिसले, दिसले!”

“ती याची खरी पानं. तुम्ही ज्याला पान म्हणता, ती नुसती डहाळी आहे.”

पुढचं वाक्य तिच्या ओठांवर आलं आणि अडलं. ते बोललं, की शेवटच्या बाकावरच्या माणसाचा निरोपाचा दिवस त्याच्याच मुलांसमोर उतरून जाणार होता. आणि तिची जागाही.

तेवढ्यात मागे एक हात वर झाला. पिकल्या केसांचा, खडूने पांढरी झालेली बोटं असलेला हात.

“बाई, एक शंका.”

मुलं मागे वळली.

“पाइनला असे दात असतात का हो?”

“सर, तुम्ही कशाला...” हेडमास्तर म्हणाले.

“थांबा हो. बाईंना सांगू द्या.”

“नसतात, सर,” मथुरा हळूच म्हणाली. मग तिचा आवाज मोकळा झाला. “पाइनच्या सुया हीच त्याची पानं. दोन, तीन, पाच अशा जुडीने येतात. त्यांना पेर नसतं.”

“पण याचं बोंड तर पाइनसारखंच आहे. बी कसं असतं?”

ते खरोखरीच विचारत होते. बाकावर पुढे झुकून, दोन्ही कोपरं टेकून.

मथुराने फांदीवरचं वाळकं बोंड तोडून कागदावर झटकलं. पंख असलेले इवले दाणे पडले. तिने एकाची साल टाचणीने सोलली आणि कागद बाकाबाकांवरून फिरवला.

“पाइनचं बी खवल्यावर उघडं बसतं. याचं बी फळाच्या सालीआड आहे. म्हणून हे अनावृतबीजी नाही. आंबा, चिंच, शेवगा यांच्या गोतातलं आहे. हा सुरू आहे.”

“तोंडावळा पाइनचा आणि गोत आमच्या आंब्याचं!” परसू म्हणाला.

या वेळी सगळ्यांत आधी केदारी सर हसले.

घंटा झाली. हेडमास्तरांनी कागद गोळा केले. “निकाल कळवू,” ते मथुराकडे न पाहता म्हणाले. मुलं दप्तरं आवरू लागली; शांता मात्र सवयीने शेवटच्या बाकापाशी गेली.

“सर, मग पाइन दिसतो कसा?”

“मी कुठं पाहिलाय, बाळ? चित्रातच.”

सरांनी वर पाहिलं. दारात हेडमास्तर थांबले होते. दोघांची नजरानजर झाली. हेडमास्तरांनी ‘तुमची मर्जी’ अशा थाटात खांदे उडवले आणि ते ऑफिसकडे वळले.

“सोमवारी या बाईंना विचार,” केदारी सर म्हणाले.