आतूनही कार्ड

जुना सर्व्हर बंद झाल्याची ओळ पडद्यावर उमटली तेव्हा ऑफिसचे सर्व्हर सांभाळणारी सर्व्हरबाई मनापासून खूश झाली. हा आनंद फार टिकला नाही. पाण्याची बाटली बाहेर राहिली म्हणून ती उठली, सर्व्हररूमच्या दाराशेजारच्या डबीला कार्ड लावलं, तर डबीने तांबडा दिवा दाखवला. तिने पुन्हा लावलं. पुन्हा तांबडा. तिसऱ्यांदा लावता लावता तिच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तिने कपाळाला हात लावला.

कंपनी काचेच्या बाटल्या बनवायची. भट्टी रविवारीही पेटलेली असे, पण ऑफिसच्या इमारतीत रविवारी चिटपाखरूही नसायचं. या इमारतीतली सगळी दारं कार्डावर उघडायची. कार्ड लावलं की दार सर्व्हरला विचारायचं, ‘हिला सोडू का?’ आणि सर्व्हर म्हणायचा, ‘सोड.’ हे विचारणं-सांगणं जावा नावाच्या संगणकभाषेत लिहिलेल्या ज्या प्रोग्रॅममधून चालायचं, तो चालायचा याच सर्व्हरवर. तोच तिने आत्ता स्वतःच्या हाताने बंद केला होता. दारं विचारत होती आणि उत्तर द्यायला कुणी नव्हतं.

बरं, हे दार असं करून घेणारीही तीच. लोक एसीची हवा खायला जेवणाचे डबे घेऊन सर्व्हररूममध्ये येऊन बसायचे, म्हणून तिने साहेबांच्या मागे लागून कुलूप बसवून घेतलं. कोण किती वेळ आत होतं ते कळायला हवं, म्हणून आतून बाहेर पडतानाही कार्ड हवं म्हणाली. वीज गेली की कुलूप सुटतं असं कळलं, तर त्याला बॅटरीही मागून घेतली. आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा तर तोही नीट मोजमाप करून पाडावा, असा तिचा कामातला नेटकेपणा होता.

दाराला छातीच्या उंचीवर काच होती. काचेपलीकडे, कॉरिडॉरमधल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर तिचा नवरा बसला होता. तिने काचेवर टकटक केली. जाड काच आणि एसीची घरघर, त्यामुळे आवाज पोचेना, म्हणून तिने फोन लावला. दोन हातांवर असलेल्या माणसाला फोन.

“काय गं?”

“दार उघडत नाहीये.”

“एवढंच ना? हे काय, बटण आहे की.” तो उठला आणि त्याने भिंतीवरचं संकटकाळचं लाल बटण दाबलं. मग अंगठ्याने दाबलं. मग दोन्ही हातांनी. बटण भिंतीवर होतं, पण त्याच्या मागे वायरच नव्हती. वायरवाला पुढच्या आठवड्यात येणार होता, आणि हा पुढचा आठवडा गेले कित्येक महिने पुढेच राहिला होता.

“थांब, वॉचमनला आणतो,” असं म्हणून तो कॉरिडॉरच्या टोकाला गेला. तिथल्या मोठ्या दाराला त्याने गेटवर मिळालेलं पाहुण्यांचं कार्ड लावून पाहिलं आणि दाराशी थोडी झटापट केली. मग तो सावकाश परत आला, खुर्ची ओढून थेट काचेशी बसला आणि फोनवर म्हणाला, “घे. गेटवर फोन केला, तर वॉचमनकडेही कार्डच. आता मीही आतच. माझी खोली तुझ्यापेक्षा जरा लांबट आहे एवढंच.”

तिला हसू आलं आणि तिने मागे वळून खोलीकडे पाहिलं. खोलीला खिडकी नव्हती. दोन काळी कपाटं, एक टेबल, एक खुर्ची आणि चालायला चार पावलं जागा. इतकी वर्षं या खोलीत बसताना तिला ती कधी लहान वाटली नव्हती. आज भिंती जवळ आल्यासारख्या वाटल्या आणि तिला दरदरून घाम फुटला.

नवरा दुसऱ्या गावी शाळेत भूगोल शिकवायचा. चार वर्षांपूर्वी तिथली नोकरी मिळाली तेव्हा तो लेकीला घेऊन पुढे गेला. ती मागून जाणार होती. साहेबांना सांगितलं, तर साहेब म्हणाले, “ताई, तेवढं अपग्रेड करून द्या आणि खुशाल जा.” सर्व्हर जुना, त्याच्याखालची जावा त्याहून जुनी, तपासणीला येणारे दरवर्षी नाक मुरडून जायचे. मागणी काही वावगी नव्हती. पण अपग्रेडला मुहूर्त लागेना. कधी वर्षअखेर, कधी नवी भट्टी, कधी कामगारांची भरती. आज अखेर तो रविवार उजाडला होता आणि नवरा सकाळच्या गाडीने तिला न्यायला आला होता. संध्याकाळच्या परतीच्या गाडीची दोघांची तिकिटं त्याच्या खिशात होती.

“जुनंच परत चालू केलं तर?” त्याने विचारलं.

“लगेच उघडेल दार.”

“मग कर की.”

“मग अपग्रेड राहिलं. आता रविवार मिळायचा तो थेट वर्षअखेरीनंतर. आणि तोवर साहेब सोडायचे नाहीत.”

त्याने खिशातली तिकिटं चाचपली. मग म्हणाला, “तर मग पुढे जा तू. मी बसलोय इथे.” आणि जरा थांबून, “एक सांगू? रागावू नकोस. या वेळी तू आली नाहीस ना, तर मी लेकीला सांगून टाकणार आहे की आई काही येत नाही. तिला अशी ताटकळत बसलेली मला नाही बघवत.”

त्याच्या आवाजात राग असता तर तिने भांडून घेतलं असतं. राग नव्हता. त्यामुळेच ती घाबरली आणि मुकाट्याने टेबलाशी येऊन बसली.

नवा सर्व्हर तिने सुरू केला. तो उठला नाही. कुरकुर अशी, की ज्या पोर्टवर, म्हणजे ठरलेल्या जागेवर, बसायचं तिथे आधीच कुणीतरी ठाण मांडून बसलंय. बघते तर जुना सर्व्हर बंद झालो म्हणून सांगून पूर्ण बंद झालाच नव्हता. त्याचा एक तुकडा पाहुण्यासारखा रेंगाळला होता. त्याला तिने हाकललं. मग नव्या जावाने मेमरीबद्दलची एक जुनी सूचना ओळखायला साफ नकार दिला आणि ती दाराबाहेरच अडून बसली. ती सूचना फार वर्षांपूर्वी तिनेच कॉन्फिगच्या फाइलमध्ये लिहिली होती. ती काढली. आता सर्व्हर उठला, पण दारांचा प्रोग्रॅम त्यावर चढेना. पडद्यावरून लाल ओळी धो धो वाहायला लागल्या.

तेवढ्यात साहेबांचा फोन. “ताई, गेटवरून कळलं मला. अडकलात म्हणे! निघालोच मी. पण काहीही झालं तरी जुन्यावर परत जाऊ नका हं. तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त आहे.”

हे शेवटचं वाक्य ऐकून तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं. अशा अवस्थेतही चढलं, हे तिच्या लक्षात आलं आणि तिला स्वतःचीच चीड आली.

“आता कुठे घोडं अडलं?” नवऱ्याने विचारलं.

“नावं बदलली आहेत. नव्या सर्व्हरने आतल्या सगळ्यांची आडनावं बदलून टाकली. आपला प्रोग्रॅम जुन्याच आडनावाने हाका मारतोय, आणि त्या नावाचं इथे कुणी नाही म्हणून उत्तर येतंय.”

“म्हणजे लग्नानंतर तुझ्या ऑफिसात मी फोन केला होता तसं. मी सासरच्या नावाने विचारत बसलो आणि ऑपरेटर म्हणे, अशी कुणी बाई इथे कामालाच नाही.”

“आणि तू घाबरून घरी माझ्या भावाला फोन केलास.”

“मग काय करणार! नवीन बायको, पहिल्याच आठवड्यात हरवली.”

दोघंही हसली. काचेतून त्याचा चेहरा तिने नीट पाहिला. कानाजवळचे केस पांढरे झाले होते. गेल्या चार वर्षांत इतका वेळ सलग ती दोघं एकमेकांशी बोललीच नव्हती. सणवार, सुट्ट्या, सगळं धावतपळत. आणि आज दोन्हीकडची दारं बंद झाली तेव्हा कुठे निवांतपणा मिळाला होता.

आडनावं बदलून देणारं एक साधन होतं. तिने प्रोग्रॅम त्यातून काढायला घेतला. त्याला वेळ लागणार होता. ती खुर्ची घेऊन काचेशी आली.

“लेक काय करते?”

“आत्याकडे सोडलीय आज. वाचत बसली असेल. चष्मा लागल्यापासून तर पुस्तकातून डोकं वर काढत नाही.”

“चष्मा? तिला चष्मा लागला?”

“सहामाहीच्या आधीच.”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

“सांगितलं होतं की. तू म्हणालीस, नंतर बोलू, सर्व्हर पडलाय.”

तिला ते आठवेना. सर्व्हर कधी पडला होता, कशाने पडला होता, किती वेळात उभा केला, ते सगळं तोंडपाठ होतं. चष्म्याचं काही आठवेना. तिचे डोळे भरून आले. नवऱ्याने ते पाहिलं आणि तो उगीचच दुसरीकडे, कॉरिडॉरमधल्या पाण्याच्या कूलरकडे बघत राहिला.

“मी येणार आहे,” ती म्हणाली. “आज. काही झालं तरी. साहेबांना तोंडावर सांगणार, मी आज जातेय म्हणून.”

“बघ म्हणून.”

“मी आज जातेय,” तिने म्हणून पाहिलं. वाक्य सोपं होतं. तिने ते दोनदा म्हटलं, दुसऱ्यांदा अगदी ठणकावून. तो हसला आणि त्याने काचेवर तळवा टेकवला. आतून तिने आपला टेकवला. काच गार होती.

साधनाचं काम संपलं. प्रोग्रॅम चढला, आणि दारांशी बोलणारा त्याचा भाग तेवढा अडून बसला. त्या भागावर तो बनवणाऱ्यांची डिजिटल सही होती. आतली नावं बदलल्यामुळे ती आता जुळेना. एरवी तिने त्यांना पत्र लिहिलं असतं आणि महिनाभर उत्तराची वाट बघितली असती. आज तिने सहीच काढून टाकली. सर्व्हर पुन्हा सुरू केला आणि श्वास रोखून बघत राहिली. लाल ओळ आली नाही. एकेक दार हजर असल्याची नोंद येऊ लागली. शेवटी सर्व्हररूमचं दार आलं.

तिने कार्ड लावलं. हिरवा दिवा लागला, कुलूप खट्‌ करून सुटलं आणि ती कॉरिडॉरमध्ये आली. नवऱ्याने तिचा हात धरला. आता आपण मोकळ्या झालो, असं तिला खरोखर वाटलं.

“निघायचं तर आत्ताच निघू,” तो म्हणाला. “गाडी मिळेल.”

कॉरिडॉरचं मोठं दार उघडून साहेब आत आले. मागे वॉचमन. साहेबांचा चेहरा नुसता फुलला होता.

“वा, ताई, वा! करून दाखवलंत.” मग त्यांनी नवऱ्याकडे पाहून मान हलवली. “तुमच्या मिसेस म्हणजे या कंपनीचा कणा आहेत हो. आता बघा, जुना सर्व्हर निदान चार लोकांना थोडाफार माहीत होता. हा नवा यांच्याशिवाय कुणालाच माहीत नाही. आता कुठे सोडणार यांना! ताई, सहा महिने तेवढे काढा. कुणाला तरी शिकवून तयार करा, आणि मग खुशाल जा.”

नवरा तिच्या तोंडाकडे बघत राहिला. वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं. पण साहेब ‘कुणालाच माहीत नाही’ म्हणाले होते, आणि ते तिला आवडलं होतं. तिकडे त्या गावी तिला कोण ओळखणार? कुणाची बायको, कुणाची आई. इथे ती नसली तर दारं उघडत नाहीत. असं वाटणं बरं नव्हे हे तिला कळत होतं, तरी ते गोड लागत होतं. ही गोडी तिला फार वर्षांपासून लागली होती, आणि साहेबांना ती तिच्याआधी कळली होती.

आतून सर्व्हरने एक बीप दिला.

“एक मिनिट हं,” ती म्हणाली. कुणाला म्हणाली ते तिलाही कळलं नाही. कार्ड लावून ती आत गेली आणि दार मागे आपसूक लागलं.

मेमरी चढत होती. फार नाही, हळूहळू. ही अशीच चढत राहिली तर उद्या सकाळी सगळे एकदम हजेरीला आले की सर्व्हर आडवा होणार. एक आकडा बदलून पाहायचा होता. तिने बदलला. मेमरी जरा उतरली, मग पुन्हा चढली. दुसरा बदलला. टेबलावरचा फोन वाजला. तिने मान वळवली तर काचेपलीकडे नवरा उभा होता, फोन कानाला लावून. तिने हाताने त्याला थांबायची खूण केली. पडद्याकडे पाहिलं. फोन वाजून वाजून थांबला.

पुन्हा पाहिलं तेव्हा त्याने फोन खिशात ठेवला होता. थोडा वेळ तो तसाच उभा राहिला. मग साहेबांशी दोन शब्द बोलला, वॉचमनला काहीतरी विचारलं आणि चालू लागला. मोठ्या दाराशी त्याला थांबावं लागलं नाही. ते आता व्यवस्थित उघडत होतं.

ती उठली. दारापर्यंत आली, डबीला कार्ड लावलं आणि हिरवा दिवा लागला. दार नुसतं ढकलायचं होतं. मागे सर्व्हरने पुन्हा बीप दिला आणि तिने वळून आकडा पाहिला.