दोराला हिसका नको

ऐन श्रावणात शिडाचा दोर तिसऱ्यांदा तुटला, तेव्हा नत्थू भोयाने बाजारातल्या दोरवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि मनगटाएवढा जाड दोर विकत आणला.

वर्धा नदीवर त्याचा डोंगा चालायचा. पलीकडच्या काठाची माणसं देवळीच्या बाजाराला यायची ती त्याच्याच डोंग्यातून. पलीकडे जाताना वल्ही मारावी लागत; येताना मात्र पश्चिमेचा वारा पाठीशी असे. मग नत्थू तंबूच्या जुन्या कापडाचं ठिगळाठिगळांचं शीड चढवायचा आणि डोंगा भराभर अलीकडे यायचा. पण भर नदीत वारा मध्येच बाजू बदले. शिडाचा आडवा बांबू माणसांच्या डोक्यावरून धाडकन दुसऱ्या अंगाला जाई आणि त्याला धरून ठेवणारा दोर तट्‌कन तुटे.

नवा दोर तो ओवत होता तेव्हा हरिदास काठावर येऊन बसला. गावातलाच माणूस, लढाईच्या काळात आरमारात होता, परत येऊन दोन एकर कसत होता. गेल्या दसऱ्याला नागपूरला जाऊन त्याने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हापासून गावातली बरीच माणसं त्याच्याशी तुटक बोलत. नत्थूही त्यातलाच.

"नत्थूभाऊ, जाड दोरानं काम नाई होणार," हरिदास म्हणाला. "दोर टिकला तं डोलकाठी मोडीन."

"तुले काय समजते डोंग्यातलं?"

हरिदास रागावला नाही. त्याने सदऱ्याच्या शिवणीतला धागा उसवला, एका दगडाला बांधला आणि दगड हळूहळू उचलला. दगड धाग्याला लोंबकळत राहिला. मग धाग्याचं टोक धरून त्याने तोच दगड वीतभर वरून सोडला. धागा तुटला, दगड वाळूत पडला.

"धागा तोच, दगड तोच. मंग तुटला काऊन?"

नत्थूने वाळूतला दगड उचलून तुटलेला धागा पाहिला. "हिसका बसला म्हणून."

"हां. वजन दोराले झेपते. हिसका नाई झेपत."

"कुठं शिकला हे?"

हरिदासने डावा हात पुढे केला. दोन बोटं अर्धीच होती. "आमाले शिडाच्या होड्यांवर शिकवत. मीच घाई केली एक दिवस. दोर हातातून सुटला अन् हे घेऊन गेला."

आपली चूक इतकी सरळ सांगणारा माणूस नत्थूने फारसा पाहिला नव्हता. "बाजाराच्या दिवशी येजो," तो म्हणाला.

त्या दिवशी पलीकडच्या काठावर अकरा माणसं आणि दोन बकऱ्या चढल्या. जुना, बोटाएवढा दोर गाठ मारून पुन्हा लावला होता आणि मागच्या खुंट्यापाशी हरिदास बसला होता. रूपराव पाटील चढता चढता थबकले. नत्थूच्या घरी दर सालचं धान्य यायचं ते त्यांच्याच खळ्यावरून.

"नत्थू, दोर याच्या हाती काऊन देल्ला?"

"त्याले समजते म्हणून, पाटील," नत्थू म्हणाला. "तुमाले थांबाचं असन तं पुढच्या खेपेले या."

पाटील धोतर सावरून पुढच्या फळीवर बसले.

डोंगा मधोमध आला तशी उजवीकडून पाण्यावर काळसर लहर धावत आली. सुकाणूच्या वल्ह्यापाशी उभ्या नत्थूला ती दिसली, पण हरिदासला त्याआधीच दिसली होती.

"सारे खाली वाका," तो शांतपणे म्हणाला आणि दोर भराभर ओढू लागला. वारा आला की दोर सैल सोडायचा, हे नत्थूला ठाऊक होतं; हा तर बांबू जवळ घेत होता! बांबू डोंग्याच्या मधोमध आला तोच वारा दुसऱ्या बाजूने शिडावर आदळला. पण बांबूला आता झेप घ्यायला जागाच नव्हती. तो हातभर सरकला एवढंच. लगेच हरिदासने खुंट्याला दोन वेढे घेतलेला दोर इंच इंच सोडायला सुरुवात केली. दोर कुरकुरत घसरत राहिला आणि शीड दुसऱ्या अंगाला उघडलं, कोणी दार हळूच लोटावं तसं. बसलेल्या बकऱ्या उठल्यासुद्धा नाहीत.

मांडीवर दह्याचं गाडगं घेऊन बसलेल्या रुख्माबाईने मान वर केली. "झालं?"

"झालं, बाई," हरिदास म्हणाला.

नत्थू वल्हं धरून तसाच उभा होता. वीस वर्षं तो ही नदी ओलांडत होता, त्याआधी त्याचा बाप. इतकं देखणं काम त्याने या पाण्यावर पाहिलं नव्हतं. काठ आला तेव्हा त्याला पुष्कळ बोलायचं होतं, तोंडातून एवढंच निघालं, "हरिदासभाऊ, मले शिकवजो."

शिकणं सोपं गेलं नाही. पहिल्या खेपेला नत्थूने दोर ओढायला उशीर केला आणि बांबू खांद्यावर बसला. दुसऱ्या खेपेला दोर एकदम सोडून दिला. "आधी जवळ घ्याचं, मंग सोडत जाचं," हरिदास दरवेळी तेवढंच सांगे. ना हसे, ना वैतागे. आठवड्याभरात नत्थूचे हात आपोआप चालू लागले.

मनगटाएवढा दोरही वाया गेला नाही. पूर आला तेव्हा हरिदासने त्याच दोराने डोंगा काठाच्या बाभळीला लांब बांधला आणि दोराच्या मध्यावर एक फुटकं जातं लटकवलं. लोंढा डोंग्याला ओढी तेव्हा आधी जातं वर उचललं जाई आणि मगच दोर ताणला जाई. नत्थू पावसात घोंगडी घेऊन कितीतरी वेळ ते जातं वर-खाली होताना पाहत बसला.

पोळ्याच्या सुमारास वरच्या घाटाचे दोन भोई मुद्दाम पाहायला आले. एक खेप पाहिली, दुसरी पाहिली.

"कोणी शिकवलं हे, नत्थू?"

"हरिदासभाऊनं. गावात जाऊन त्यालेच भेटा," नत्थू शीड गुंडाळत म्हणाला. "चहा देईन तो. पिऊनच या. मी रोजच पेतो."