खळ्याची जागा

आईच्या माहेरी जायचं तर आता फोन करून वेळ घ्यावी लागते. फोन मी केला. पन्हाळ्याच्या रस्त्याला गोल्फच्या मैदानाची आणि बंगल्यांची मोठी पाटी आहे, तिच्यावरच्या नंबरवर. बंगला बघायचा आहे, असं सांगितलं. आईला बंगला बघायचा नव्हता. तिला खळं बघायचं होतं.

आजोबांना, म्हणजे आण्णांना, जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्यामागं विजयसिंहमामांनी आणि भावकीनं मिळून मळा ह्या गोल्फवाल्या कंपनीला विकला आणि मामा पुण्याला गेले. त्यावरून भांडण झालं नाही. घर गेलं, विहीर बुजली, आंबे तुटले, हे आईनं एकेक करून मान्य केलं. पण खळं म्हणजे नुसती जमीन. ती कुठं जाणार, असं ती म्हणायची. तिथं एकदा जाऊन उभं राहायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

मी भूशास्त्रात एमएस्सी केलंय. जागा शोधायचं माझ्यावर सोपवलेलं. मी तिला विचारलं, "तिवड्यापाशी उभं राहिलं की काय दिसायचं?" तिवडा म्हणजे खळ्याच्या मधोमध पुरलेला खांब. मळणीचे बैल त्याच्याभोवती फिरायचे.

आईला आठवावं लागलं नाही. "जोतिबाच्या डोंगराचं टोक बारक्या टेकडीच्या खिंडीत बसायचं, बरोब्बर. आन् हिकडं गावातल्या देवळाचा कळस पन्हाळ्याच्या कड्याला टेकायचा."

म्हणजे दोन सरळ रेषा. त्या जिथं एकमेकींना छेदतात ती एकच जागा. डोंगर हलत नाहीत आणि देऊळ कुंपणाबाहेर शाबूत होतं. मला काम सोपं वाटलं.

रविवारी सकाळी गेटवर क्रांती नावाची मुलगी आम्हाला घ्यायला आली. माझ्याच वयाची, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र आणि नवं मंगळसूत्र. बॅटरीच्या गाडीत बसवून ती विचारू लागली, "मॅडम, स्वतः राहायला घेताय की गुंतवणूक म्हणून?"

"राहायलाच की," आई म्हणाली. "मी हितं लहानपणी..."

मी तिचा हात दाबला.

"घरी कुणी गोल्फ खेळतं का?"

"न्हाय, पण बघून बघून शिकतील सगळी," आई म्हणाली, आणि क्रांतीला हसू आवरेना.

नमुन्याचा बंगला बघून झाला. स्वयंपाकघराला भिंत नव्हती. आईनं फक्त, फोडणीचा वास कुठं जाणार, एवढं विचारलं. तिचं लक्ष बाहेर होतं. तिच्या ओळखीचा एकही बांध उरला नव्हता. उतार होता तिथं सपाट झालेलं, सपाट होतं तिथं टेकाड आलेलं. मशिनं लावून सगळी माती इकडची तिकडं केलेली होती. गाडी एका वळणावर आली तशी ती ओरडली, "थांबव गं, थांबव!"

समोर एक गोल जागा होती. बाकीच्या हिरवळीपेक्षा गुळगुळीत, सारवल्यासारखी. मधोमध एक काठी आणि काठीला झेंडा. आई गाडीतून उतरली, कडेला चपला काढल्या आणि आत शिरली.

"मॅडम, तिथं चालायचं नसतं!" क्रांती मागून धावली.

"काढल्यात की चपला!" आई वळूनसुद्धा न बघता म्हणाली. खळ्यात चप्पल घालून कुणी जात नाही. तेवढं केल्यावर आणखी काय हवं, हे तिला कळेना. काठीला हात लावून ती एक फेरी फिरली, बैल फिरतात तशी. मग उभी राहिली. तिचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. लग्नाआधीच्या फोटोतही नाही.

"ऋता, हेच न्हवं?"

मी शेजारी जाऊन उभी राहिले. जोतिबाचं टोक खिंडीत बसलं होतं, बरोब्बर. मग दुसरीकडं पाहिलं. कळस कड्यापासून पुष्कळ डावीकडं होता.

हो म्हणायला काहीच लागत नव्हतं. पण नुसतं हो म्हणायला तिनं कुणालाही आणलं असतं. मला आणलं होतं ते बघायला.

"न्हाय, आई. ह्याच रेषेत, पण पुढं. त्या पाण्यात."

पुढं एक तळं होतं. चेंडू चुकला तर त्यात पडावा, खेळ अवघड व्हावा, म्हणून मुद्दाम केलेलं, असं क्रांतीनं सांगितलं. आई काठापर्यंत गेली. मी तिथून पुन्हा पाहिलं. कळस कड्याकडं सरकला होता, पण टेकला नव्हता. जागा आणखी आत होती, मधोमध.

"खळ्यात पाणी?" कुणाची तरी चूक झाली असावी, अशा आवाजात आई म्हणाली. "आण्णा चौफेर चर मारायचे गं, थेंब आत येऊ नये म्हणून. जरा आभाळ आलं की आम्ही सगळी पळायचो रास झाकाय."

ती काठावर बसली. पाणी स्वच्छ होतं, पण तळ दिसत नव्हता. तळाला काळं प्लास्टिक अंथरलेलं असणार.

क्रांतीनं हातातलं माहितीपत्रक मिटलं. "मावशी, तुमचं होतं का हे?"

"माहेर हाय माझं," आई म्हणाली. मग तिनं मान वर केली. "तुझं कुठलं?"

"गडहिंग्लजकडचं."

"कधी गेलतीस?"

"दिवाळीत. न्हाय जमत ओ मावशी." क्रांतीची कंपनीतली भाषा गळून पडली. "रविवारीच पावणं येत्यात हिकडं. सुट्टीच देत न्हाईत."

"आई हाय न्हवं?"

"हाय की."

"मग सांग त्येंनला, आजारी हाय म्हणून."

"कोन, आई?"

"तू! आईला कशाला आजारी पाडतीस?" आई हाताला लागलेली माती पुसत उठली. "सरळ सांगून न्हाय जाऊ देत कुणी. आता आमी काय खरं बोलून आलोय व्हय?"

क्रांती आमच्या दोघींकडं आळीपाळीनं बघत राहिली. मग खळखळून हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. परत येताना तिनं बंगल्याचं नाव काढलं नाही. गेटपर्यंत आई तिला विचारत राहिली, घरी कोण कोण असतं, विहिरीला पाणी किती, खळं अजून करतात का, आणि ती सगळं नीट सांगत राहिली.