शेवाळ गेलं की येते

मानवजातीने आजवर तीनच खरे शोध लावले: अग्नी, चाक आणि प्रेशर वॉशर. बाकी सगळी किरकोळ दुरुस्ती. हे वाक्य हरेश्वर परबांनी जोगेश्वरी पूर्वेला, आमच्या रत्नप्रभा सोसायटीच्या आवारात, सकाळी साडेसातला, नव्या मशीनवर एक पाय ठेवून उच्चारलं. त्यांच्या हातात मशीनचा जाडजूड प्लग होता. तो बसेल असा एकही पॉइंट आवारात नव्हता.

"अहो, गिझरच्या पॉइंटला लावते," दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून त्यांची बायको सगुणा म्हणाली. "लांब वायर सोडते खाली. तुम्ही भाषण पुरं करा."

गेल्या दिवाळीत गेटपाशी पणती ठेवायला जाताना सगुणाबाई घसरल्या. टाकीचं पाणी त्या वाटेवर बारमाही ठिबकतं आणि सोसायटीत हिरवं म्हणावं असं तेवढं शेवाळच आहे. खुब्याचं हाड मोडलं, मग जुळलं. डॉक्टर म्हणाले, चाला. सगुणाबाई म्हणाल्या, "शेवाळ गेलं की येते." त्याला अकरा महिने झाले. तेव्हापासून भाजी, औषधं आणि बातम्या दोरीला बांधलेल्या पिशवीतून वर जातात.

हरेश्वरनी आधी खराटा मारला, मग चुना, मग ब्लीचिंग पावडर. शेवाळ आठवडाभर सुट्टीवर जायचं आणि परत यायचं. अडुसष्टाव्या वर्षी ओणवं होऊन घासायचं म्हणजे आधी कंबर जाते. तिला सुट्टीसुद्धा मिळत नाही. शेवटी त्यांनी हे मशीन आणलं.

"काका, हे नेमकं करतं काय?" सेक्रेटरी अनिरुद्धने विचारलं.

"तू स्कूटर धुताना नळीच्या तोंडावर अंगठा दाबतोस ना? पाणी लांब उडतं. बस, तेच. आत मोटर, मोटरवर पंप. पंप पाणी रेटतो आणि पुढे भोक सुईएवढं. पाणी तेच, पण चिडलेलं."

"म्हणजे अंगठ्याच्या जागी एवढं मोठं धूड?"

हरेश्वरनी बटण दाबलं.

आमच्याकडे पाणी पहाटे पाऊण तास येतं, म्हणून त्यांनी दोनशे लिटरचा निळा ड्रम भरून ठेवला होता. मशीन त्यातून मिनिटाला सहा लिटर ओढणार, म्हणजे काम अर्ध्या तासाचं. मशीन थरथरलं, ओरडलं, आणि नळीला जोडलेल्या बंदुकीच्या तोंडातून पाणी आलं ते सर्दी झालेल्या माणसाच्या नाकातून यावं तसं.

"वाट लागली," अनिरुद्ध म्हणाला. "परत करा काका."

"कणी अडकली असेल," वरून आवाज आला.

आदल्या दिवशी दसरा होता. सुरी, कातरी आणि शिवणाच्या मशीनबरोबर या पाहुण्याचीही पूजा झाली होती. कोणाला वाईट वाटू नये म्हणून सगुणाबाईंनी बंदुकीला बदलून लावायच्या पाचही रंगीत तोंडांना वेगवेगळ्या अक्षता वाहिल्या होत्या.

"तोंडात टाकल्यास गो?"

"मी वरूनच टाकल्या. तो तोंड उघडं ठेवून बसला त्याला मी काय करू?"

भोक साफ करायची तार खोक्यातच आली होती. हरेश्वरनी ती दात कोरून फेकून दिली होती. मग दोरीची पिशवी हळूहळू खाली आली. आत शिवणाची सुई. हिरव्या तोंडातून कुंकवाने माखलेली तांदळाची कणी निघाली.

मग मात्र शेवाळ सालीसारखं सुटत गेलं आणि खालून लाल फरशी निघाली.

"आपल्याकडे लाल आहे?" अनिरुद्ध म्हणाला. तो पंधरा वर्षं सेक्रेटरी होता.

आवाज ऐकून शेजारच्या नलिनीताई पायपुसणी घेऊन आल्या. अंबादास पंख्याची पाती घेऊन आला. हरेश्वरना कोणाला नाही म्हणवेना. अकरा महिने त्या पिशवीत भाजी याच लोकांनी भरली होती. अनिरुद्धने स्कूटर पुढे केली आणि वर सुचवलं, "ते लाल तोंड लावा ना, झकास धार आहे म्हणतात." लाल तोंडाने स्कूटरवरच्या 'आई-बाबांचा आशीर्वाद'मधला आशीर्वाद गेटबाहेर उडाला. आई-बाबा राहिले.

"अहो, ड्रम बघा!" वरून सगुणाबाई ओरडल्या.

ड्रममध्ये वीतभर पाणी होतं. वाट मात्र गेटपाशी चार हात राहिली होती. सगुणाबाई पडल्या होत्या त्याच जागी.

"बस," हरेश्वर म्हणाले. "आता कोणाचं काही नाही."

"काका, एकच पायपुसणं राहिलंय ओ."

"राहू दे गो ते."

अनिरुद्धने ड्रम कलता धरला. हरेश्वरनी पुन्हा हिरवं तोंड लावून ते चार हात धुतले. शेवटच्या हातभराला मशीन हवा गिळून खोकायला लागलं, पण तेवढ्यात काम झालं. ते पालथ्या ड्रमवर बसले. बंदूक खाली ठेवली.

"ये गो," ते वर बघून म्हणाले.

"ओलं आहे."

सगळे थांबले. ऊन फिरलं, फरशी वाळली, पंख्याची पातीही वाळली. खिडकीत कोणी नव्हतं. चुन्याच्या वेळी डोळे चुरचुरतात म्हणून उतरायचं राहिलं होतं, ब्लीचिंगच्या वेळी खोकला येतो म्हणून. शेवाळ नक्की कुठे धरलंय, हे हरेश्वरना केव्हाच कळलं होतं. तिथे लावायचं तोंड त्या पाचांत नव्हतं.

मग वर कडी वाजली. एक पायरी. जरा थांबणं. दुसरी पायरी. चौतीस पायऱ्यांना किती वेळ लागला, कोणी बघितलं नाही.

जिन्याच्या पायथ्याशी सगुणाबाईंनी भिंतीवरचा हात काढला. लाल फरशीवर एक पाय ठेवला, दुसरा ठेवला, आणि सरळ चालत जाऊन गेटचा गज धरला.

हरेश्वर गुडघ्यांवर हात टेकून उठले. प्रसंग मोठा होता. त्यांनी तसंच एक वाक्य जुळवायला घेतलं.

"नाक्यावर जाऊन गवार आणते," सगुणाबाई म्हणाल्या. "तुमची पिशवीतली नेहमी जून निघते." मग त्यांनी खाली पायांकडे बघितलं. अकरा महिने घरातच वावरल्यामुळे त्या अनवाणीच उतरल्या होत्या.

"अहो, चपला वरच राहिल्या. जरा आणता का? आणि गॅस बंद केलाय का, तेवढं बघून या."