दादाचा हात

वेधशाळेत तिला सगळे 'वरच्या मजल्याच्या बाई' म्हणत. बसायची खोली तळमजल्यावर, पण अभ्यास हवेच्या अगदी वरच्या थराचा. रेडिओच्या लहरी त्या थरावर आपटून परत जमिनीवर येतात. आठवडाभर ती त्याचे आलेख काढी आणि रविवारी सकाळी घरच्या माळ्यावर स्वतःच्या यंत्रापुढे बसून हौसेनं जगभरच्या माणसांशी बोले. बोले म्हणजे बोटांनी, कट्ट-कडकट्ट. नवरा दातांचा डॉक्टर. तो म्हणे, मी लोकांची तोंडं उघडून दमतो आणि ही तोंड न उघडता गप्पा मारते.

ही कट्ट-कडकट्ट तिला आणि दादाला बाबांनी शिकवली होती. बाबा तारमास्तर. त्यांनी खटपट करून लावून दिलेली नोकरी दादानं विशीतच सोडली आणि जहाजावर रेडिओवाला म्हणून निघाला. बाबा रागाच्या भरात बोलून गेले, पुन्हा या दारात पाऊल ठेवू नकोस. बोलणाऱ्याचा राग आठवड्यात उतरला, पण ऐकणाऱ्यानं ते काळजावर कोरून घेतलं. पत्र नाही, निरोप नाही.

सत्तावीस वर्षांनी एका रविवारी कुठल्याशा जहाजावरून हाक आली आणि तिच्या अंगावर काटा आला. अक्षरासारखा प्रत्येकाचा वाजवण्याचा हातही वेगळा असतो. हा हात शेवटचा लांब ठोका जरा जास्तच लांबवत होता. याच खोडीवरून बाबा दादाच्या बोटांवर पट्टी मारायचे.

त्यानं नाव भलतंच सांगितलं. तिनंही आपलं खरं सांगितलं नाही. हौशी मंडळींच्या ठरलेल्या इंग्रजी खुणांत वारा, लाटा, यंत्र एवढंच बोलणं झालं. पुढच्या रविवारी तो पुन्हा आला. मग येतच राहिला, चार वर्षं.

"अगं, विचार की त्याला सरळ," नवरा म्हणायचा.

तिची हिंमत होत नव्हती. विचारलं आणि तो पुन्हा गेला तर? आता निदान त्याच्याकडे पाऊस पडतोय की नाही, एवढं तरी कळत होतं.

पण तिचेच आलेख तिला गप्प बसू देईनात. सूर्यावरचे डाग कमी होत चालले होते. वरचा थर विरळ होणार आणि चार वर्षं बहरलेली लहरींची ही वाट येत्या दोन महिन्यांत बंद पडणार, असं तिनंच अहवालात लिहिलं होतं. ती पुन्हा उघडायला पाच-सहा वर्षं लागली असती, आणि तोवर दादा समुद्रावर असेलच असं नाही.

शेवटच्या काही रविवारांपैकी एका सकाळी तिनं वारा-लाटा बाजूला ठेवल्या आणि पहिल्यांदाच घरच्या भाषेत बोटं चालवली.

"दादा, बाबा गेले. आठ वर्षं झाली. शेवटी त्यांची वाचा गेली होती. पलंगाच्या कठड्यावर बोटानं तुझं नाव वाजवायचे. दिवसभर. एकटी मीच ते वाचू शकत होते."

 कानात नुसती खरखर. नवरा चहाचे कप घेऊन वर आला आणि तिचा चेहरा बघून दारातच उभा राहिला.

मग तोच हात आला, पण अडखळत. "पुन्हा सांग."

तिनं पुन्हा सांगितलं.

"पुन्हा सांग."

तिनं तिसऱ्यांदा सांगितलं. त्यानंतर त्यानं तिला लहानपणच्या नावानं हाक मारली, चिमणे, आणि एवढंच म्हणाला की तो पहिल्याच दिवशी ओळखून होता. पुढचं काही बोलत होता, तोवर आवाज बुडत बुडत खरखरीत मिसळून गेला.

"नीट ऐकू जात नव्हतं का त्याला?" तिच्याकडून सगळं ऐकल्यावर नवऱ्यानं विचारलं.

"जात होतं," ती म्हणाली. "तेव्हा अगदी स्वच्छ होतं."

पुढच्या रविवारी वाट उघडलीच नाही, त्याच्या पुढच्याही नाही. अंदाज महिन्यासकट बरोबर आला म्हणून वेधशाळेच्या संचालकांनी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली. ती हसली, आभार मानले आणि खोलीत जाऊन दार लावून बसली. आपला अंदाज चुकायला हवा होता, असं तिला जन्मात पहिल्यांदा वाटलं.

अजूनही रविवारी ती माळ्यावर जाते. आपली हाक पोचणार नाही, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. पण दादाकडे असले आलेख नाहीत. बोलावूनही चिमणी उत्तर का देत नाही, असा विचार करत तो तिकडे बसला असेल, या एका धास्तीनं तिचं बोट थांबत नाही.